दारातल्या मुडद्याचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. मला बघून तुम्ही दचकला नाहीत तर मला राग येईल, कारण दचकवणं हेच माझं काम होतं. माझा डावा गाल फाटलेला आहे, पण तो मुद्दाम फाडलेला आहे. ओठ काळेनिळे आहेत. एका डोळ्याच्या भोकाखाली रक्ताचा ओघळ आहे. ते रक्त म्हणजे डिंक, लाल शाई आणि चिमूटभर कॉफी. दिसतो असा, पण मी अडाणी नाही. माझ्या कपाळात भूगोलाची पानं आहेत, हनुवटीत कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका आहेत, आणि नाकात एका कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती आहेत. त्या नाकात तरी कामी आल्या.

मला बनवणारा एका छापखान्यात बाइंडर होता. पुस्तकं शिवायची, खळ लावायची, कडा कापायच्या, हे त्याचं दिवसभराचं काम. कापलेल्या कडांचा ढीग रोज संध्याकाळी त्याच्या टेबलाखाली साचायचा आणि तो बघून त्याचे हात शिवशिवायचे. तिशी उलटली होती, पण भुताच्या सिनेमांचं वेड काही उतरलं नव्हतं. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त एका दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि त्यालाही तेच वेड. दोघं एकत्र बसले की भुताला सावली असते की नसते यावर तासन्‌तास वाद घालायचे, आणि वाद घालता घालता चहा गार करून टाकायचे.

कंपाउंडरने दवाखान्यातून प्लास्टरच्या पट्ट्या आणल्या आणि बाइंडरच्या तोंडावर थापून त्याचा साचा घेतला. त्या साच्यात खळीत भिजवलेले कागद थरावर थर दाबून मला घडवलं. साचा ओला असतानाच बाइंडरची आई कामावरून घरी आली. ती एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. मुलाच्या तोंडावर पांढरा गोळा बघून ती दारातच थबकली. "मेल्या, हे काय करून घेतलंस तोंडाचं?" ती म्हणाली. प्लास्टरमुळे त्याला उत्तर देता येईना, म्हणून त्याने नुसता अंगठा वर केला. तिने कपाळाला हात लावला आणि स्वयंपाकाला लागली.

म्हणूनच माझी आतली बाजू अगदी त्याच्या चेहऱ्याची आहे. दुसऱ्या कुणाला मी नीट बसत नाही, नाकाला टोचतो. माझ्या डोळ्यांना भोकं ठेवली, श्वासासाठी नाकपुड्यांखाली बारीक छिद्रं पाडली, तोंड मात्र नुसतं रंगवलं. कंपाउंडर म्हणाला, "तोंडालाही एक भोक पाड, बोलता येईल." बाइंडर म्हणाला, "मुडदे बोलत नसतात." दोघांनाही ते पटलं आणि विषय तिथेच संपला.

आता तुम्ही विचाराल, हा सगळा खटाटोप कशासाठी. छापखान्यामागे एक रिकामं गोदाम होतं. मालकाची परवानगी काढून या दोघांनी तिथे महिन्यातून एकदा, संध्याकाळी, भुताचा सिनेमा दाखवायचं ठरवलं. कंपाउंडरने एक वापरलेला प्रोजेक्टर मिळवला, आईने इस्पितळातून बाद झालेल्या दोन चादरी जोडून पडदा शिवून दिला. प्रवेश सगळ्यांना फुकट. आणि तिथेच घोडं अडलं. फुकट म्हटल्यावर लोकांना आधी संशय येतो. पहिल्या संध्याकाळी माणसं जमली खरी, पण सगळी बाहेरच. आत गेलं की कुणीतरी काहीतरी गळ्यात मारणार, अशी त्यांची खात्री होती.

तेव्हा बाइंडरला लहर आली. त्याने मला तोंडावर चढवलं आणि गोदामाच्या दारात, उंबऱ्याला लागून आडवा पडून राहिला. लोक हसले. एक दूधवाला जवळ येऊन वाकून बघू लागला, तसा मुडद्याने त्याचा घोटा धरला. दूधवाला असा काही ओरडला की दोन गल्ल्यांतली माणसं धावत आली. मग चेव येऊन त्याने मुडदा ओलांडला आणि आत जाऊन बसला. त्याच्यामागून सगळे गेले. त्या दिवसापासून तीच पद्धत पडली. तिकीट म्हणजे मुडदा ओलांडणं. सगळे आत गेले की दार लावायचं, सिनेमा सुरू व्हायचा, आणि थोड्या वेळाने मुडदा उठून गुपचूप मागच्या रांगेत येऊन बसायचा.

काय दिवस होते ते. लोक घरून खुर्च्या आणायचे. सिनेमाआधी रंगभूषेची स्पर्धा असायची. बँकेतला एक कारकून दरवेळी डोक्यात पुठ्ठ्याची कुऱ्हाड अडकवून यायचा आणि दरवेळी हरायचा. किंचाळण्याची स्पर्धा निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी लागोपाठ जिंकली. शाळेत उगाच नाही काढली इतकी वर्षं, असं त्या म्हणायच्या. सिनेमा संपल्यावर ज्यांना एकट्याने घरी जायची भीती वाटे, त्यांना बाइंडर स्वतः सोबत करायचा. माझ्याबरोबर फोटो काढून घ्यायला लोक थांबायचे. मी भाव खायचो, नाही कशाला म्हणू.

आईसुद्धा दरवेळी यायची, कामावरून थेट, सगळ्यांत शेवटी. एका हाताने चौकट धरून ती मुलाला ओलांडायची. "ऊठ रे आता, गारठशील," असं काहीतरी पुटपुटायची. सिनेमा सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत तिला झोप लागायची. इतक्या किंकाळ्यांत निवांत झोपणारी ती एकटीच होती, आणि बाइंडरला त्याचा कोण अभिमान होता.

मित्रांनो, आता पुढचं सांगतो. ऐकवणार नाही, पण ऐका.

त्या महिन्यात बाइंडर सारखा छातीवरून हात फिरवत होता. जिना चढला की टेकायचा. पित्त आहे, म्हणायचा. कंपाउंडरने पित्ताची गोळी दिली आणि एकदा डॉक्टरांना दाखवून घे म्हणाला. बाइंडर म्हणाला, "हा शो होऊ दे, मग बघू." शोच्या संध्याकाळी त्याने मला चढवलं आणि उंबऱ्याशी आडवा झाला. नेहमी त्याचा श्वास माझ्या आतल्या अंगाला ऊबदार लागायचा. त्या संध्याकाळी त्याला घाम फुटला, गार घाम. माझा कागद ओला होऊन मऊ पडू लागला. मी त्याच्या तोंडाला अगदी चिकटून होतो. इतक्या जवळून त्याला दुसरं कुणी बघत नव्हतं.

लोक ओलांडू लागले. त्याचा श्वास तुटक झाला होता. त्याने हात उचलला आणि कारकुनाची विजार धरली. कारकून ओरडला, मग हसला, आणि रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "आज जोरात आहे गडी," कुणीतरी म्हणालं. तो आतून काहीतरी बोलला. एक शब्द, मग पुन्हा तोच. माझा कागद जाड, तोंडाला भोक नाही, बाहेर गलका. तो शब्द माझ्या आतच राहिला. तो पाय झाडू लागला तेव्हा लोकांनी फोटो काढले. असा मुडदा आजवर झाला नाही, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांची शाबासकी सहज मिळत नसे.

सगळ्यांत शेवटी आई आली. तिने चौकट धरली, पाय उचलला, आणि त्याने तिचा घोटा धरला. घट्ट धरला. ती हसली. "सोड रे, जागा जाईल माझी," ती म्हणाली. पाय सुटला आणि ती आत गेली. तिच्यामागे दार लागलं.

आत सिनेमा सुरू झाला. आत लोक किंचाळत होते. बाहेर कुणी कितीही आवाज केला असता तरी तो त्यातच मिसळला असता, पण बाहेर आता आवाजच नव्हता. माझ्या आतली ऊब हळूहळू गेली. सिनेमा संपला, दिवे लागले, मागच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी होती, तरी कुणाला काही वाटलं नाही; मुडदा दारातच झोपून गेला असेल म्हणून सगळे हसले. परत जाताना कुणी त्याला ओलांडलं, कुणी बाजूने गेलं. आई आत खुर्चीत अजून झोपेतच होती. शेवटी कंपाउंडर आला आणि त्याने पायाच्या अंगठ्याने हळूच ढोसलं. "चल, खुर्च्या आवरू," तो म्हणाला. मग त्याने मला ओढून काढलं आणि खाली बसला.

मुखवट्याने गुदमरून गेला, असं गावभर झालं. पोलिसांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, मुखवट्याचा काही संबंध नाही. मी सुटलो, पण तसं मला कुणी येऊन सांगितलं नाही. लोकांनी फोटो पुसून टाकले. काहींनी ते सिनेमा संपायच्या आधीच सगळ्यांना पाठवले होते, त्याखाली कौतुक लिहून, ते काही पुसता आले नाहीत. मला गोदामातल्या कपाटावर टाकलं. माझ्यावर धूळ बसली, नाकाच्या पोकळीत झुरळाने घर केलं. घोट्याला हात लावायला माणूस उरला नाही, तिथे मला कोण विचारतो.

बरेच महिने गेले. मग लोक कंपाउंडरकडे येऊ लागले. पुन्हा सुरू करू या, त्याच्या आठवणीसाठी, म्हणाले. कारकून तर रडलाच. कंपाउंडरने जुन्या कपड्यांत चिंध्या भरून एक बाहुला केला, मला कपाटावरून काढून पुसलं आणि बाहुल्याच्या तोंडावर बांधलं. लोकांनी तो ओलांडून आत यायचं, असं ठरलं. पण आईला विचारल्याशिवाय करायचं नाही, एवढी अक्कल त्याला होती. एका दुपारी ती सुट्टी घेऊन गोदामात आली.

"काकू, लोक फार मागे लागलेत," तो म्हणाला. "त्यालाही आवडलं असतं. पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

तिने बाहुल्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. "ते सांगते," ती म्हणाली. "आधी मला एक विचारायचंय. त्या दिवशी त्याने माझा पाय धरला. तो खेळच होता ना?"

कंपाउंडर प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागला. ती गुंडाळलेलीच होती. "खेळच होता, काकू. सगळ्यांचेच पाय धरायचा तो. जे झालं ते नंतर झालं, एका क्षणात. त्याला कळलंसुद्धा नसेल." हे वाक्य त्याने बरेच दिवस घोकलेलं असावं, कारण ते न अडखळता बाहेर आलं.

तिने मान डोलावली. थोडा वेळ गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

"सगळ्यांचे धरायचा," ती म्हणाली. "माझा कधीच नाही धरला. माझा गुडघा हा असा. मी पडेन म्हणून. इतक्या वर्षांत एकदाही नाही."

कंपाउंडरच्या हातातली वायर खाली पडली.

"मला वाटलं, आज लाडात आलाय," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. पित्ताच्या गोळीचं बोलू लागला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण ती रडली नाही, आणि तुझा काही दोष नाही असंही म्हणाली नाही. मग उठून तिने बाहुल्याच्या तोंडावरून मला सोडवलं. "सिनेमे दाखव," ती म्हणाली. "दारात मात्र कुणाला निजवू नकोस. चिंध्यांचासुद्धा नको."

आता मी तिच्या घरी आहे. तिने मला भिंतीकडे तोंड करून लावलंय. त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला माझं रक्त दिसत नाही, आतली बाजू दिसते. खळीने पिवळा पडलेला एक खोलगट चेहरा, कपाळ, नाक, हनुवटी. कामावर जाताना ती त्या खोलगट गालावरून बोट फिरवते. आपण पाय ओढून सोडवून घेतला, असं तिला वाटतं. तसं नव्हतं. ती सोड म्हणाली, आणि त्याने सोडला. हे मला ठाऊक आहे. माझ्या तोंडाला भोक असतं तरी मी हे तिला सांगितलं नसतं.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी कागद आहे, आज ना उद्या मला वाळवी लागेल आणि त्याचं दुःख करू नका. तुम्ही भुताचे सिनेमे बघा, किंचाळा, एकमेकांना घाबरवा, त्यात काही वाईट नाही. फक्त खेळात कुणी आडवं पडलं असेल, तर ओलांडण्याआधी एकदा वाका. मुखवटा वर उचला आणि विचारा, बरा आहेस ना. खेळ मोडेल, लोक चिडतील, पडलेला माणूसही चिडेल. त्याला चिडू द्या.