हमदम-ओतांचा निरोप

सासरा गेल्याची बातमी इल्होमला दिल्लीत गाजरं निवडताना कळली.

त्या दिवशी त्याच्या बायकोला, मोहलारला, पुलाव खावासा वाटला होता. बरेच दिवस तिने काही मागितलं नव्हतं, म्हणून तो आनंदाने पिशवी घेऊन निघाला होता. त्यांच्या गावच्या, मर्गिलानच्या, माणसाला पिवळी गाजरं लागतात. दिल्लीची लाल, पाणचट, कढईत पडली की लगेच विरघळणारी. त्यातल्या त्यात टणक शोधत तो गाड्यापुढे उभा होता, तेवढ्यात मेव्हण्याचा, कुद्रतचा, फोन आला.

"दाजी, आपा जवळ आहे का?"

"नाही, ती खोलीवर आहे. मी बाजारात आहे. बोल ना."

"जरा बाजूला व्हा. बाबा गेले."

इल्होमने हातातली गाजरं ढिगावर ठेवली. मग तीच पुन्हा उचलली. गाजरवाला म्हणाला, "घेताय का चाललात?" शब्द कळले नाहीत तरी त्याचा सूर कळला. इल्होमने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"कधी?"

"काल पहाटे. छातीत कफ भरला होता. दुपारच्या नमाजानंतर माती दिली."

"आणि मला आज सांगतोस?"

"काल सांगितलं असतं तर काल तिने तुमचं तोंड वाचलं असतं. आजही वाचेल, पण आज निदान माती तरी दिलेली आहे. हे बघा, ऑपरेशन होईपर्यंत तिला कळता कामा नये. आईने शपथ घातलीय. मोहल्ल्यातल्या सगळ्या मोठ्यांनी बसून ठरवलंय. असल्या हृदयाला असली बातमी झेपायची नाही."

असं डॉक्टर म्हणाला का, हे इल्होमने विचारलं नाही. डॉक्टरला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायची रीतच नव्हती. त्यांच्या गावात आजाऱ्याला आजाराचं नाव सांगत नाहीत, आणि परमुलखात असलेल्याला घरचं मरण सांगत नाहीत. परत आला की सांगतात. दारात पाऊल ठेवलं की बायका रडायला लागतात, त्याला आपोआप कळतं. इल्होमच्या मोठ्या भावाला रशियातून परत आल्यावर आजीचं मरण असंच कळलं होतं. घरात सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं होतं, इल्होमलाही.

"अजून एक," कुद्रत म्हणाला. "जाताना बाबांनी निरोप दिला. म्हणाले, मोहलारला सांगा, मी तिच्यावर राजी आहे, मनात काही राग ठेवला नाही. तिनेही माझ्यावर राजी व्हावं."

"मग तेव्हाच फोन का नाही लावून दिलास?"

"लावत होतो ना! नको म्हणाले. माझा आवाज ऐकला तर ओळखेल, घाबरेल. ऑपरेशन होऊ दे, मग बोलेन, म्हणाले." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "फोन ठेवतो दाजी. दारात माणसं आलीत."

इल्होमने गाजरं घेतली. किती घेतली, कसली घेतली, हे त्याला खोलीवर येईपर्यंत कळलं नाही.

बाप-लेकीत अबोला पडून महिने झाले होते. सासरे हमदम-ओता, म्हणजे हमदम-बाबा, मोहल्ल्याचे नानवाई, नान भाजणारे. पहाटे तंदूर पेटवायचे, आणि लहानपणापासून मोहलार त्यांच्या हाताखाली. पिठाचे गोळे करायचे, पाणी मारायचं, नानच्या मधोमध शिक्का उठवायचा. प्रत्येक नानवायाचा शिक्का वेगळा. हमदम-ओतांचा म्हणजे वर्तुळात वर्तुळ आणि कडेने दाणे. दहा-बारा वर्षांची असताना मोहलारचे गुडघे सुजायचे, ताप यायचा. बाप म्हणायचा, उभं राहून राहून होतं, शेकून घे. तंदूर जवळच होता, तिने शेकून घेतले. त्या तापाने हृदयाची झडप खाल्ली होती, हे लग्नानंतर कळलं, पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा.

दिल्लीला जायचं ठरलं तेव्हा हमदम-ओता आडवे आले. "परमुलखात छाती फाडून घ्यायची काय गरज आहे? आपल्याकडे डॉक्टर मेलेत का? तिकडे काही झालं तर माती कोण देणार?"

मोहलार कधी उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "ही छाती तुमच्या तंदुरापाशीच फाटलीय, बाबा. तेव्हा डॉक्टर दाखवला असता तर आज दिल्ली लागली नसती. पण तेव्हा तुम्हाला मुलगी नको होती, गडी हवा होता."

म्हातारा उठला, टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला.

निघायच्या दिवशीही तो आला नाही. कुद्रत आला, फडक्यात बांधलेला एक नान घेऊन. लांबच्या वाटेला निघणाऱ्याने नानचा एक घास तोडायचा, उरलेला खिळ्याला टांगून ठेवायचा, आणि परत येऊन त्याने तो संपवायचा. आपलं अन्न माणसाला ओढून आणतं म्हणतात. मोहलारने फडकं सोडलं. वर्तुळात वर्तुळ, कडेने दाणे.

"एकच?" ती म्हणाली. "आम्ही दोघं चाललोय. बाबा जावयाला मोजतच नाहीत वाटतं."

"मोजतात गं," कुद्रत म्हणाला. "अर्धा मोजतात."

ती हसली. मग तिने घास तोडला, इल्होमला म्हणाली, "घ्या, तुम्हीही इथूनच तोडा. म्हणजे परत येताना दोघांना मिळूनच यावं लागेल." नान टांगताना तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं. "शिक्का पाठवला. स्वतः नाही आले."

दिल्लीत त्यांची खोली रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. तिला जिने चढवत नसत, म्हणून ती खाली उतरतच नसे. आधी तपासण्या झाल्या, मग रक्त कमी म्हणून ते वाढवायला थांबावं लागलं. तेवढ्या दिवसांत दोघांचा संसारच बसला तिथे. एक शेगडी, एक कढई, खिडकीत चहाची किटली. तो पातेली घासायचा, ती पलंगावरून हुकूम सोडायची. "अहो, बुडाला राख राहिलीय. तिकडे दुकानात लोखंडाचे दरवाजे करताना घासता तसं घासा की." लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासू-सासरे, दीर-जावा यांच्याशिवाय दोघंच असे पहिल्यांदाच राहत होते. एकदा ती म्हणाली, "आजारी पडल्याचा एवढा तरी फायदा झाला."

खालच्या ढाब्यावरून तो एकदा तंदुरी रोटी घेऊन आला. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली. "याला शिक्का कुठाय? बेवारस आहे बिचारी." मग खिडकीतून वाकून ढाब्याचा तंदूर बघत बसली. "जमिनीत उभा पुरलाय बघा. आपला आडवा असतो. हा माणूस वाकून वाकून मरत असेल. बाबांना सांगायला पाहिजे." लगेच खिडकीतून आत वळली. असं रोज व्हायचं. काहीही पाहिलं की बाबांना सांगायला पाहिजे, आणि मग गप्प.

त्या दिवशी तिने पलंगावर बसून गाजरं चिरली, त्याने कढई सांभाळली. पुलाव चांगला झाला. तिने ताटातला चांगला मांसाचा तुकडा त्याच्याकडे सरकवला. "हा बाबांच्या वाट्याचा. तुम्हीच खा."

त्याच वेळी मर्गिलानमध्ये हमदम-ओतांच्या अंगणात लोकांना पुलावच वाढत असणार, हे इल्होमला ठाऊक होतं. मरणाच्या घरी पुलावच शिजतो. त्याने तो तुकडा खाल्ला. न खाल्ला असता तर तिने कारण विचारलं असतं.

"आज तोंड का असं?" तिने तरी विचारलंच.

"गाजरवाल्याने फसवलं."

"तुम्हाला कोण फसवत नाही?"

पुढचे दिवस त्याने खोटं बोलण्यात काढले. सासऱ्याच्या छोट्या फोनची बॅटरी गेली. मग सासरा शाहीमर्दानला नातेवाइकांकडे गेला. मग लग्नसराई म्हणून तंदुरापासून हलत नाही. मोहलारची आई व्हिडिओवर बोलायची तेव्हा अंगावरचे सुतकाचे निळे कपडे काढून फुलाफुलांचा रेशमी झगा घालायची आणि शेजारणीच्या घरात जाऊन बसायची, कारण स्वतःच्या घरात रडणाऱ्या बायका होत्या.

"आई, नवा झगा?" मोहलार म्हणाली. "कुणाचं लग्न आहे?"

"शेजारच्या पोरीचं," आई म्हणाली. आणि शेजारीण मागून हसली. खरोखर हसली बिचारी, मोठ्याने.

फोन ठेवल्यावर मोहलार म्हणाली, "आईसुद्धा त्यांना फोनवर आणू शकत नाही. म्हणजे माझं नावच काढू देत नाहीत."

"तसं काही नाही गं."

"तुम्हाला काय माहीत? तुमच्याशी तरी कुठे बोलतात?"

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिला रुग्णालयात ठेवून घेतलं. तिच्या केसांच्या वेण्या इल्होमनेच सोडल्या, कारण तिथल्या परिचारिकेला त्या सुटत नव्हत्या. तेव्हा ती म्हणाली, "माझं एक काम करा. बाबांना फोन लावा. ते नाही बोलले तरी चालेल. फोन कानाला लावून ठेवा म्हणावं. मी बोलते, त्यांनी ऐकलं तरी पुरे."

इल्होमला वाटलं, आता निरोप द्यावा. पुढचं आपण सांभाळून घेऊ. तो म्हणाला, "फोनचं राहू दे. त्यांनी निरोप पाठवलाय. कुद्रतकडे म्हणालेत, मी मोहलारवर राजी आहे. तिनेही माझ्यावर राजी व्हावं."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आता ओळखेल, असं त्याला वाटलं. असं बोलणं माणूस कुणाला निरोप देऊन पाठवत नाही. समोर बसून, हात हातात घेऊन बोलतो. नाहीतर मरताना बोलतो.

ती ओळखती तर सगळंच सुटतं. पण ती हसली.

"किती गोड बोलता हो," ती म्हणाली. "रक्त वाढलं म्हणालात, ते वाढलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले छोटंसं काम आहे म्हणालात, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता का? आता हे. माझे बाबा आणि असा निरोप? चालता-फिरता माणूस असं बोलेल का? खरंच राजी असते तर आईच्या फोनवर येऊन ओरडले असते माझ्यावर. ते ओरडले असते तर मला पटलं असतं."

"खरं सांगतोय, मोहलार."

"मग द्या फोन त्यांना."

त्याच्यापाशी पुरावा होता. एक वाक्य बोललं की तिला निरोप पटला असता. तेच वाक्य बोलायची बंदी होती. सासूची शपथ होती, मोहल्ल्याचं ठरलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मनात भीती होती की आज हे सांगितलं आणि उद्या तिला काही झालं तर सगळे म्हणतील, यानेच मारली.

"रेंज लागत नाही तिथे," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने तशीच म्हणाली, "परत गेल्यावर मीच त्यांच्या तंदुरापाशी जाऊन बसेन. तो गड्याचा शब्द मी मागे घेतला, असं सांगेन. हाकललं तर हाकलू देत."

सकाळी तिला आत नेलं. डॉक्टरांनी नंतर दुभाष्याकरवी सांगितलं की झडप नीट बसली, पण हृदयाने पुन्हा जोर धरला नाही. दुभाषा पोरगाच होता. त्याने वाक्य दोनदा वेगवेगळं करून सांगितलं, जणू दुसऱ्या वेळी अर्थ बदलेल.

तिचं मरण घरी कुणापासून लपवायची गरज पडली नाही. परमुलखात कुणी नव्हतं, सगळे घरातच होते.

तिला बापाशेजारी जागा मिळाली. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी इल्होमच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "शाबास. बापाचं दुःख तिला कळू दिलं नाहीस. सुखाने गेली." जो येई तो हेच म्हणे. काहींनी तर आपल्या मुलांना त्याचं उदाहरण दिलं. इल्होम कंबरेला सुतकाचा पट्टा बांधून दारात उभा राहिला आणि मान हलवत राहिला. एकाही म्हाताऱ्याने विचारलं नाही की शेवटची संध्याकाळ कशी गेली.

सासूने मात्र विचारलं. चाळिसावा दिवस झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, ती चहाची वाटी घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली.

"इल्होमजान, एक सांग. ह्यांचा निरोप तिला दिलास ना?"

"दिला, आई."

"काय म्हणाली?"

म्हातारीने दोन्ही हातांनी वाटी धरली होती. नवरा गेला, मुलगी गेली, आणि मुलीशी बोलायला फुलांचा झगा घातला म्हणून बायकांची बोलणीही तिने ऐकली होती. आता तिच्यापाशी एवढंच उरलं होतं की दोघं एकमेकांवर राजी होऊन गेली. इल्होमने तिच्याकडे पाहिलं आणि तो गाजराच्या गाड्यापुढे उभा असताना फोनवर पलीकडे कुद्रतला काय वाटत होतं, ते त्याला त्या क्षणी कळलं.

"राजी आहे म्हणाली," तो म्हणाला. "बाबांवर राजी आहे म्हणाली."

"रडली का?"

"नाही. हसली."

हे एक त्यात खरं होतं. म्हातारीने तोंडावरून हात फिरवून दुवा मागितली, आणि चहा गार झाला म्हणून त्याच्यावर रागावली. जाताना भिंतीकडे बघून म्हणाली, "तो नान उतरव आता. तू तरी आलास ना परत. तुझा घास आहे त्यात. खा, नाहीतर पाखरांना घाल. मेलेल्याच्या हातचं असं टांगून ठेवू नये."

"उतरवतो," तो म्हणाला.

नान वाळून दगड झाला आहे. भिजवल्याशिवाय दाताने तुटणार नाही. शिक्का मात्र तसाच आहे, आणि कडेला दोन घास तोडल्याची एकच खाच आहे. त्यातला कुठला कुणाचा, हे आता सांगता येत नाही.

हिवाळा सरत आला. इल्होम लोखंडाचे दरवाजे करायला पुन्हा दुकानात जातो, सासूला दर शुक्रवारी भेटतो, आणि ती दर शुक्रवारी विचारते, "हसत म्हणाली ना?" तो हो म्हणतो. नान अजून खिळ्यालाच आहे. सासूला खरं सांगायचं राहिलं आहे.