बाभळीत अडकलेला तराफा

मी तराफा बोलतोय. पाण्यावर असतो तर एवढं बोललो नसतो, तिथे मला पुष्कळ काम होतं. पण गेले कित्येक महिने मी चंद्रप्पांच्या शेततळ्याच्या बांधावर कोरडाठाक पडून आहे. रिकामपणी माणसांना बोलायची खुमखुमी येते तशी ती मलाही आली आहे, तेव्हा ऐकून घ्या.

माझा जन्म देवणी तालुक्यातल्या एका गावात, चंद्रप्पांच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापुढच्या मोकळ्या जागेत झाला. दोन निळे ड्रम आणि मोडीत निघालेल्या बैलगाडीचा साटा, म्हणजे बसायची लाकडी चौकट, एवढंच माझं भांडवल. चंद्रप्पांचे वडील ज्या गाडीतून उदगीरच्या बाजाराला जायचे, तिची लाकडं माझ्या अंगात आहेत. आपण एक दिवस पाण्यावर फिरू, असं त्या गाडीच्या स्वप्नातही आलं नसेल. मला बांधलं नायगावच्या साहेबरावांनी. साहेबराव मासळीचे व्यापारी, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं आहे. नायलॉनच्या दोराची शेवटची गाठ आवळून त्यांनी मला एक लाथ हाणून पाहिली आणि म्हणाले, "बसा अण्णा. बुडत न्हाई हा."

चंद्रप्पा बसले आणि घाबरून त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी असं धरलं होतं. मी तेव्हाच त्यांचा झालो.

आता यातली गोम सांगतो. चंद्रप्पा लिंगायत, घर शिवभक्तांचं. त्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. तळं खोदलं होतं ते डाळिंबासाठी. त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरला, पाणी साठवलं आणि दोन वर्षांत डाळिंब रोगानं गेलं. तळ्यात नुसतं पाणी उरलं. मग साहेबरावांनी सुचवलं, की पाणी वाया कशाला घालवता, माशांचं बीज सोडा. चंद्रप्पांनी महिनाभर मनात घोळवलं आणि एके दिवशी भीत भीत बायकोला सांगितलं. उमादेवी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "करा. पर गावात सांगू नका. अन् आंघोळ केल्याबिगर देवाजवळ जाऊ नका."

गावात सांगायचं नाही, यालाही कारण होतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठात दासोह असतो, म्हणजे सगळ्या गावाचं जेवण. त्या जेवणाचं गव्हाचं पहिलं पोतं चंद्रप्पांच्या घरून जातं. मठाची माणसं वाजतगाजत दारात येतात, उमादेवी पोत्याला कुंकू लावतात, आणि मग ते उचललं जातं. हा मान आजोबांपासून चालत आलेला. मासे पाळणाऱ्याच्या घरचं पोतं मठात कोण नेणार?

म्हणून आमचा सगळा कारभार चोरीचा. कुणी विचारलं तर पाणी पुढच्या बागेसाठी राखलंय, असं सांगायचं. मासे काढायचे ते गाव उठायच्या आत. साहेबराव सांगून सांगून थकले, "अण्णा, मत्स्य खात्यात नोंद तेवढी करून ठेवा. अडीनडीला सरकार हात देतं." चंद्रप्पांचं उत्तर ठरलेलं असे. "नोंद केली की ग्रामपंचायतीत कळतं, अन् तिथं कळलं की मठात कळतं. खामखा बोभाटा कशापायी?" एवढा शहाणा माणूस, पण इथं चुकला.

तसे आमचे दिवस सुखाचे होते. सकाळी चंद्रप्पा पेंड आणि कोंड्याचं घमेलं घेऊन माझ्यावर बसायचे. बसण्याआधी गळ्यातलं लिंग बंडीच्या आत सरकवायचे, देवाला हे दिसू नये म्हणून. मला हसू यायचं. मग काठीनं रेटत आम्ही मधोमध जायचो. पहिली मूठ पडली की तळाकडून रोहू आणि कटले वर यायचे. दाणे टिपताना त्यांची तोंडं माझ्या ड्रमांना लागायची, टुकटुक, टुकटुक. माझ्या पोटाला ते असे बोलायचे. कोण भुकेलं आहे आणि कोण नुसतंच खेळतंय, हे मला त्या टकटकीवरून कळायचं.

सुरुवातीला चंद्रप्पा दुसरीकडे तोंड करून दाणे टाकायचे. पुढे मात्र बघायला लागले, आणि त्याच्याही पुढे बोलायला लागले. "खावा बाबांनो, लवकर मोठे व्हा," म्हणायचे आणि एकदम गप्प व्हायचे. मोठे झाल्यावर काय होतं, हे त्यांनाही ठाऊक होतंच. जाळं ओढायच्या दिवशी ते बांधाकडे पाठ करून बसत आणि साहेबरावांचा टेम्पो गेल्याशिवाय उठत नसत. माया आणि धंदा एकाच तळ्यात पोसणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांची फार ओढाताण होते.

गेल्या भादव्यात पाऊस आला तो पाऊस वाटलाच नाही. ओढा पात्र सोडून शेतात शिरला आणि दुपारच्या वेळी आमच्या बांधाला भगदाड पडलं. मी खुंटाला बांधलेला होतो, पण खुंटासकट निघालो. माझ्या दोन्ही बाजूंनी मासे चालले होते. जी तोंडं रोज माझ्या पोटाला लागायची ती आता मला ओलांडून पुढे जात होती. मला हात असते तर दोघाचौघांना तरी धरलं असतं.

वाटेत एक ड्रम दगडावर आपटून फुटला, दोन फळ्या मोडल्या, आणि गावाजवळच्या पुलापाशी मी एका बाभळीत अडकलो. पाणी ओसरलं तेव्हा जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लटकत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पुलावर जमलं. खाली सोयाबीनच्या चिखलात मासे पडलेले. खाणारी माणसं टोपल्या घेऊन उतरली, न खाणारी काठावरून बघत राहिली. मठाचे कारभारी मृत्युंजयअप्पा धोतराचा सोगा नाकाला लावून उभे होते. त्यांनी माझ्याकडे काठी रोखली आणि विचारलं, "हे ड्रम कुणाचे? आपल्या शिवारात माशाचा धंदा कोन करायलंय?"

"नदी मागं फुगली होती अप्पा," कुणीतरी म्हणालं. "मांजरेतून वर चढले असतील."

"चंद्रप्पाअण्णाला इचारा की. ओढा त्यांच्याच शेताकडून येतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. चंद्रप्पा छत्री मिटवून मागे उभे होते. त्यांनी आधी चिखलातल्या माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता पुढे होतील, मला खाली उतरवतील.

"न्हाई बा," ते म्हणाले. "माझं न्हाई काही. नदीचंच असल."

मला फार लागलं ते. ड्रम फुटला तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. मी त्यांना कधी पाण्यात पडू दिलं नव्हतं हो.

त्यानंतर ते रोज पुलावरून जात-येत आणि मान वर करत नसत. एकदा मात्र बाभळीखाली थांबले. चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त केलं, इकडेतिकडे बघितलं, आणि लोंबणाऱ्या दोराचं टोक हातात घेऊन तसेच उभे राहिले. समोरून बैलगाडी येताना दिसली तसा दोर सोडून चालू लागले. त्या दोरावर मी पुढचे किती दिवस काढले, मलाच ठाऊक.

मग साहेबराव आले. दोघं माझ्याच खाली उभे राहून बोलले. साहेबराव म्हणाले, "अण्णा, सरकारनं मासेवाल्यांनाबी मदत जाहीर केली. बीज, जाळं, होडी, समद्याला. उद्या पंचनाम्याला मॅडम यायल्या. उद्याचाच दिस हाय."

"नोंद न्हाई आपली."

"इचारलं मी. तळं हाय, नुकसान दिसतंय. मालकानं समद्यांसमोर सांगावं आणि दोन पंचांनी सही करावी. चालतंय म्हनल्या."

"समद्यांसमोर?"

"हाव."

तळ्याला नवा कागद आणि नवं बीज घरच्या ऐपतीत बसणारं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. चंद्रप्पा म्हणाले, "र्‍हाऊ द्या साहेबराव. तळं बुजवून टाकतो. सोयाबीन पेरीन."

तळं बुजवणार, हे ऐकून माझा उरलासुरला धीर सुटला. तोवर एकच आशा होती, की कधीतरी पुन्हा त्या पाण्यावर जाईन.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याची माणसं पुलापाशी आली. तलाठी होते, आणि लातूरहून आलेल्या मत्स्य खात्याच्या मॅडम. घरं पडलेले, जनावरं गेलेले, सगळे आपापलं सांगायला जमले होते. बायकांच्या घोळक्यात उमादेवीही होत्या. मॅडमची नजर माझ्यावर गेली. "हा तराफा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मृत्युंजयअप्पा दुसरीकडे बघत होते.

"मालक कोणी नाही? मग बेवारस लिहिते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

हा शब्द आमच्याकडे ज्या प्रेताला कुणी वाली नसतो त्याच्यासाठी वापरतात. कुणी मागून ढकलल्यासारखे चंद्रप्पा गर्दीतून पुढे आले. "बेवारस कशापायी लिहिता?" त्यांनी विचारलं. "माझा हाय तो. तळं माझं, अन् मासेबी माझेच होते. त्या दिवशी मी खोटं बोललो."

मग मागून एकजण ओशाळून म्हणाला, "अण्णा, आमी दोन नेले बा तुमचे. लई ग्वाड होते." थोडं हसू पिकलं. चंद्रप्पा हसले नाहीत. ते उमादेवींकडे बघत होते. गावात सांगू नका म्हणणारी ती बाई चिखल तुडवत बाभळीखाली आली, माझ्या साट्याला हात लावला आणि मॅडमना म्हणाली, "माझ्या सासऱ्याच्या गाडीचं लाकूड हाय हे. बेवारस न्हाई. लिहा."

त्या क्षणी मला पाण्याचीसुद्धा आठवण राहिली नाही, इतकं बरं वाटलं.

मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न केला, "अंशतः नुकसान की पूर्ण?" साहेबराव चंद्रप्पांच्या कानाशी लागले. तराफा पूर्ण गेला असं लिहिलं तरच नव्या होडीला मदत मिळणार होती. चंद्रप्पांनी मला खालून वर नीट पाहिलं. फुटका ड्रम आणि मोडक्या फळ्या तर दिसतच होत्या. नवा ड्रम लावून मी पुन्हा तरंगलो असतो का, हे ना त्यांना सांगता आलं असतं, ना मला.

"पूर्ण," ते म्हणाले.

मॅडमनी गर्दीला विचारलं, "आणखी कुणाचे मासे गेलेत का?" कुणी हात वर केला नाही. मग सह्या झाल्या.

मदत होळीच्या सुमारास आली. गेलेलं सगळं भरून निघेल इतकी नव्हती, पण चंद्रप्पांनी बांध घातला, कागद सांधला आणि बीज सोडलं. फायबरची एक लहान पांढरी होडी आली. मला मात्र त्यांनी तिथेच टाकलं नाही. साहेबरावांना घेऊन आले, बाभळीतून उतरवलं आणि इथं बांधावर आणून ठेवलं. दाणे टाकून झाले की ते होडीतून उतरतात आणि माझ्यावर येऊन बसतात.

श्रावण आला. शेवटच्या सोमवारी उमादेवींनी पोत्याला कुंकू लावून ठेवलं होतं. मठाची माणसं वाजतगाजत निघाली आणि दुसऱ्या गल्लीला वळली. ते वाजवणं इथं तळ्यावर मला ऐकू येत होतं. चंद्रप्पाही माझ्यावर बसून ऐकत होते. ते थांबलं तरी उठले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी बांधावरून मृत्युंजयअप्पा एकटेच येताना दिसले. मला वाटलं, पोत्याचं बोलायला आले. चंद्रप्पांनाही तेच वाटलं असावं, ते गडबडून उभे राहिले. अप्पा आधी पावसापाण्याचं बोलले. मग इकडेतिकडे बघून आवाज उतरवला आणि विचारलं, "चंद्रप्पा, ती माशाची मदत अजून भेटती का रे? आमच्याबी तळ्यात होते. दोन सालं झाली होती. समदे गेले."

चंद्रप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी मॅडमनी विचारलं तेव्हा अप्पा चार हातांवर उभे होते.

"मुदत सरली अप्पा," चंद्रप्पा हळूच म्हणाले. "पर नोंद करून टाका. मी येतो संगं."

अप्पांनी मान हलवली. चंद्रप्पा सरकले आणि माझ्यावर त्यांच्यासाठी जागा केली. दोघं शेजारी बसून तळ्याकडे बघत राहिले. पोत्याचा विषय एकानंही काढला नाही. अप्पांचे डोळे मात्र पाण्यावरून हलत नव्हते. त्यांचं तळं अजून कोरडंच आहे, म्हणे.

तर अशी माझी कथा. नवी होडी चांगली आहे, तिच्याशी माझं वाकडं नाही. पण सकाळी तिच्या पोटाखाली टुकटुक सुरू होते आणि इथं माझा जीव कासावीस होतो. आताचे मासे नवे आहेत, त्यांनी मला कधी पाहिलेलंही नाही. सरकारदरबारी मी पूर्ण निकामी आहे, आणि त्याच कागदामुळे हे तळं भरलेलं आहे, म्हणून त्याबद्दलही तक्रार नाही. मालक, तुम्ही मला सगळ्या गावासमोर आपलं म्हणालात, हे मी विसरलेलो नाही. आता एकच मागणं आहे. एका ड्रमावर वाकडातिकडा का होईना, एकदा मला त्या पाण्यात ढकला.