जुन्या डोळ्याचा हिरवा

"हिरवा म्हणजे नेमका कुठला, ते मला सांगता यायचं नाही. पण चुकला की लगेच कळेल. तू छापून आण, मी बघते."

वन्संनी हे सांगितल्यापासून माझं जपात लक्ष लागत नव्हतं. डोळे मिटले की हिरवा. मणी पुढे जायचा आणि मन मागे, त्या स्वेटरपाशी.

फोटो त्यांच्या यजमानांचा. किटली हातात धरून खिडकीशी उभे आहेत, अंगात वन्संनी विणलेला स्वेटर. ते गेले तेव्हा तो स्वेटर त्यांच्याबरोबरच चितेवर गेला, वन्संनीच तसं करायला लावलं होतं. मागे राहिला हा फोनमधला फोटो. आमच्याकडे प्रिंटर आहे म्हटल्यावर काम माझ्याकडे आलं, तेही लवकरात लवकर करायचं.

एवढी घाई का, हे मला पहिल्या प्रिंटच्या वेळी कळलं. वन्संच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी प्रिंट हातात घेतली, नवा डोळा तळहातानं झाकला आणि जुन्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिल्या.

"निळसर आलाय," म्हणाल्या.

मी म्हटलं, नव्या डोळ्यानं बघा ना, त्यानं तर स्पष्ट दिसतं. त्यावर त्या भिंतीकडे बघून हसल्या. ही भिंत साईच्या रंगाची आहे असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या, डोळा उघडला तर पांढरीफटक निघाली. शेजारणीच्या ज्या साडीला नावं ठेवली, ती चांगली जांभळी होती.

"त्यांना मी या जुन्या डोळ्यानं पाहिलंय, वहिनी. हाही डोळा बदलला की मग ताडून बघायला कोण उरणार? तू काहीही हिरवं आणून दिलंस तरी मला हो म्हणावं लागेल."

मग मात्र मलाही स्वस्थ बसवेना.

निळसर म्हणाल्या म्हणून मी कॉम्प्युटरवर पिवळा वाढवला. ती प्रिंट त्यांना शेवाळी वाटली. थोडा कमी केला, तर म्हणाल्या, चेहरा आजारी दिसतोय, यांना कधी साधा तापसुद्धा आला नव्हता. मी प्रिंटरची शाईची छिद्रं साफ करून बघितली, कागद बदलला, चकचकीत कागदाला साध्या कागदाची सेटिंग राहिली होती तीही सुधारली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता जमलं. प्रत्येक वेळी त्यांच्या दारातून परत. ह्यांचं आपलं चालूच. मेव्हण्यांचा फोटो छापतेयस की घराला रंग देतेयस, म्हणाले. देवालाच विचार एकदा कुठला हिरवा ते, असंही म्हणाले. देवाला असलं विचारायचं नसतं, आणि विचारून झालं होतं.

चूक सापडली ती ह्यांच्या चेष्टेमुळेच. प्रिंटर माझ्या जपाच्या खोलीत आहे, दुसरीकडे टेबल मावत नाही. समईची वात हलू नये म्हणून मी तिथला जाड पडदा कायम ओढलेला ठेवते आणि लहान पिवळा दिवा लावते. जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, तो माझा नेम. आणि प्रिंटचं सुचायचं ते नेमकं त्याच वेळी. तेव्हा छापायची तिथेच, बघायची तिथेच, कुणाला विचारायची सोय नाही. त्या दिवशी ह्यांनी ओली प्रिंट चिमटीत धरून अंगणात नेली आणि तिथूनच म्हणाले, "अगं, तुझा हा माणूस बाहेर आल्यावर वेगळाच दिसतोय."

मी उठून बाहेर गेले. खरंच वेगळा. आत हिरवा, बाहेर निळसर करडा. इतके दिवस मी पिवळ्या उजेडात रंग जुळवत होते. आणि वन्सं बघत होत्या त्यांच्या खिडकीत, स्वच्छ उजेडात.

पडदा काढून टाकला. स्क्रीनवर डोळ्यांना बरं वाटावं म्हणून ठेवलेली पिवळट छटा होती, तीही बंद केली. मग आणखी एक सापडलं. फोटोचा रंग कॉम्प्युटरही सुधारत होता आणि प्रिंटरही, एकाच भाजीला दोघींनी मीठ घालावं तसं. प्रिंटरला गप्प बसवलं. मी केलेले सगळे फेरफार पुसले आणि मूळ फोटोच्या, रंग किंचित कमीजास्त ठेवलेल्या लहान लहान पट्ट्या छापून अंगणात वाळत घातल्या. ओल्या शाईचा रंग खरा नसतो, इतकं एव्हाना शिकले होते.

त्यातली एक पट्टी बरी वाटली. बरी, एवढंच म्हणता येईल. तो स्वेटर मी एकदोनदाच पाहिलेला, माझी आठवण काय कामाची.

संध्याकाळी फोन केला. वन्सं म्हणाल्या, ऑपरेशन उद्याच ठरलंय, सकाळी गाडी येणार आहे, उजाडल्याबरोबर. राहू दे आता, म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी येते. गाडी यायच्या आत येते. तुमच्या दाराबाहेर उभ्या राहून बघा, घाई न करता."

"आणि चुकला असेल तर?"

"तर तसं सांगा. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका."



पहाटे उठले, स्नान केलं, जपाला बसले. त्या बऱ्या पट्टीवरून काढलेली मोठी प्रिंट टेबलावर रात्रभर वाळत होती. मन माळेवर नव्हतं, बाहेर उजाडतंय का याकडे होतं. खिडकीची काच काळी होती ती करडी झाली. मी माळ मुठीत धरून उठले. प्रिंट दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवली, कडेला बोटसुद्धा लागू दिलं नाही. हे कुशीवर वळून बघत होते. स्कूटर काढू का, असं त्यांनी हातानंच विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं, वाऱ्यानं कागद दुमडला असता.

चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. माळ अर्धी राहिली होती, ती वाटेत होईल म्हटलं, आणि वन्संच्या घराच्या दिशेनं चालायला लागले.