बोटभर माया

ते साल होतं दोन हजार एकवीस. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कागलकडची गाडी निपाणीकडं सोडत नव्हते, त्या सालातली ही गोष्ट.

निपाणीत जुन्या चर्चच्या मागल्या गल्लीत यशोदाबाई राहत होती. साठी ओलांडलेली, नवरा जाऊन बराच काळ झालेला, हातात शिवणकाम. गावातल्या आणि आसपासच्या ख्रिस्ती मुलींचे लग्नाचे पांढरे झगे तिच्याच मशीनवर शिवले जायचे. तिची एकुलती लेक नीलम तिशीला टेकली होती. एका दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी करत होती. "शिवणारणीच्या लेकीचाच झगा राहिला बघा," असं बायका म्हणायच्या. यशोदाबाई तोंडातला दोरा दाताने तोडायची आणि पुढची शिवण घ्यायची.

प्रभू परत येणार, ही गोष्ट यशोदाबाईला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. तिच्या लहानपणी ते घरातलं रोजचं बोलणं होतं. तिचे बाबा तंबाखूच्या रानात राबायचे. कुणी चेष्टेनं विचारलं, "काय रं, तुझा येशू आज येतोय काय?" की ते म्हणायचे, "येऊ दे की. कुळव हातात असला तर कुळवासकट उभा राहतो." आणि बैलांना हाक घालायचे. तेव्हा कुणी कामं टाकून बसलं नाही. लग्नं झाली, बारशी झाली, भिंतींना चुना लागला. वाट बघणं आणि जगणं यांचं त्या काळी भांडण नव्हतं.

भांडण लावलं शामूअण्णानं.

शमुवेल हे त्याचं खरं नाव. बेळगावच्या अनगोळचा. गोड गळा, कन्नड आणि मराठी दोन्ही पाण्यासारखं. पहिल्या टाळेबंदीत जुनं चर्च बंद पडलं, पाळकसाहेब आजारी पडून गावी गेले, आणि ह्या माणसानं तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत प्रार्थना सुरू केली. वखारीत अजून तंबाखूचा उग्र दर्प होता, माणसं शिंकत शिंकत गाणी म्हणायची. पण रोज कुणीतरी दगावत होतं, आणि शामूअण्णा आजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहत होता. यशोदाबाईला ताप आला तेव्हा तोच बाहेर कट्ट्यावर बसून मोठ्यानं प्रार्थना करत होता. ते ती विसरली नाही. माणूस असा एकदा दारात उभा राहिला की त्याचं पुढचं सगळं खरंच वाटतं.

"तारीख मी सांगणार न्हाय," तो म्हणायचा, "तारीख देवाला ठाऊक. पण एवढं सांगतो, औंदाचा नाताळ आपण हितं करणार न्हाय. औंदाचा नाताळ वरच!"

वखार दणाणायची.

मग त्यानं ठरवलं की मंडळीतल्या प्रत्येकाकडं एक पांढरा झगा असावा. हाक आली की अंगावर चढवायचा. शिवायचे अर्थातच यशोदाबाईनं. तिला धन्य वाटलं. आजवर एकेका नवरीचा झगा शिवला, आता साऱ्या मंडळीचा, मंडळी हीच नवरी आणि नवरा मुलगा म्हणजे प्रत्यक्ष प्रभू. शेजारची मालुबाई उंबऱ्यात पानाला चुना लावत बसायची आणि बघायची.

"काय गं यशोदा, किती हे झगे! तुमच्या देवाला रंगीत चालत न्हाय व्हय?"

"पवित्र मानसाला पांढरं."

"मग मी तर गेलेच. माझ्या लुगड्यावर बारा म्हैन्यांची आमटी हाय." मालुबाई हसायची. "जाताना सांग बरं का गं. तुझ्या शेळीला कोन बघनार?"

पहिला झगा झाला तेव्हा शामूअण्णा बघायला आला. त्यानं तो उलटा करून उजेडात धरला.

"आक्का, आत हे दुमडलेलं काय?"

"माया, अण्णा. शिवणीत जादा कापड ठेवतात. पुढं अंग भरलं तर उसवून सोडता येतं."

तो हसला. आणि त्या रविवारी त्यानं त्याच शब्दावर प्रवचन केलं. "आमच्या आक्का झग्यात माया ठेवतात! कुनासाठी ठेवतात? फुडच्या साली अंग भरायला आपण हितं ऱ्हानार हाय काय? अरे, या जगाची माया हीच! काढून टाका! शिवणीतनं काढा आणि मनातनं बी काढा!"

लोकांनी आमेन म्हणून टाळ्या वाजवल्या. यशोदाबाई लाजली आणि मनातून सुखावली. घरी येऊन तिनं एकेक झगा घेतला आणि शिवणीलगत कात्री चालवून सगळी माया छाटून टाकली. आईनं तिला पहिल्यांदा कात्री दिली तेव्हा सांगितलं होतं, माया न ठेवता शिवलेलं कापड म्हणजे फसवलेलं गिऱ्हाईक. पण आता कुठलं गिऱ्हाईक आणि कुठलं काय.

श्रावणात गडहिंग्लजहून नीलमसाठी स्थळ आलं. मुलगा सुहास, शाळेत शिक्षक, शांत, नीलमच्याच मापाचा. त्याचे आईवडील नाक्यावर रिपोर्ट दाखवून, उन्हात ताटकळत उभे राहून आले होते. येताना त्यांनी घरच्या काजूची पिशवी आणली. सुहासनं नीलमला विचारलं, "दिवसभर रक्त बघून भीती वाटत नाही?" ती म्हणाली, "रक्ताची नाही वाटत. सुई बघून रडणाऱ्या पैलवानांची वाटते." तो मोकळेपणानं हसला. नीलम घरात अशी बोललेली यशोदाबाईनं किती दिवसांत ऐकली नव्हती.

पाहुणे गेल्यावर ती वखारीत गेली. शामूअण्णा सतरंजी झटकत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले.

"आक्का, नोहाच्या दिवसांत लोक काय करत होते? खात होते, पीत होते, लग्नं लावत होते. आनि पूर आला. म्या काय सांगू तुमाला? नाताळ किती लांब हाय? नवरी म्हणून प्रभूफुडं उभी ऱ्हायची पोरगी, तिला तुमी मानसाच्या हातात देनार?"

यशोदाबाईनं गडहिंग्लजला नकार कळवला. नीलमला तिनं नंतर सांगितलं. नीलम ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. भाताची शितं बोटानं एकीकडं सारत राहिली. काजूची पिशवी फडताळात तशीच राहिली, कुणी फोडली नाही.

सुगीच्या सुमारास शामूअण्णाची बायको विद्युल्लता लेकीला घेऊन आली. हातात साटीनचं कापड आणि जाळीची लेस.

"आमच्या स्वरालीचा झगा ऱ्हायलाय, आक्का. एकच पोरगी, जरा चांगला शिवा."

यशोदाबाईनं कापड मांडीवर घेतलं. देखणं कापड होतं. स्वरालीची मापं घेऊन झाली, खडूनं खुणा झाल्या. विद्युल्लता दारापर्यंत गेली आणि वळून, अगदी सहज, म्हणाली, "कमरेला आन् छातीला बोटभर माया ठेवा बरं का. पोरगी फुडं भरंल."

यशोदाबाईनं हातातला खडू खाली ठेवला.

"फुडं? फुडं कवा, वैनी?"

विद्युल्लताच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. मग ती हसली. "अगं बया! जिभेची सवय, दुसरं काय. पण ठेवाच. कापड वाया कशाला घालवायचं?"

ती गेल्यावर यशोदाबाई बराच वेळ साटीनवरून हात फिरवत बसली. आईचं मन आहे, तोंडातून निघून गेलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. साऱ्या मंडळीची माया छाटायला लावणाऱ्याच्या घरचा एक झगा तिनं बोटभर माया ठेवून शिवला. शिवताना सुई दोनदा मोडली.

डिसेंबर लागला. शामूअण्णानं मंडळीला सांगितलं की तो सहकुटुंब अनगोळला उपास-प्रार्थनेला बसणार आहे. मंडळीनं आपापल्या घरात जागं राहावं, झगे उशाशी ठेवावेत. स्वरालीचा झगा न्यायला माणूस येणार होता, तो आला नाही. यशोदाबाईला डोळे दाखवायला बेळगावला जायचंच होतं. झगा बरोबर घेऊ, अण्णांच्या घरी पोचवू, दोन शब्द प्रार्थना ऐकू, असा विचार करून तिनं पिशवी भरली.

अनगोळात घर शोधायला लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच मांडव होता. आंब्याचे टहाळे, केळीचे खुंट, आत स्पीकरवर भक्तिगीतं आणि बायकांचा हसण्याचा गलका. यशोदाबाईला वाटलं, शेजारचं काही असेल. मग तिला पाटावर बसलेली स्वराली दिसली. तोंडाला, हाताला, पायाला हळद. बायका वाटीतून घेऊन आणखी चोळत होत्या. आणि सरबताचा पेला घेऊन मांडवातून येणारा शामूअण्णा. त्याच्या गालावरही हळदीचा पट्टा होता.

दोघं समोरासमोर उभी राहिली. आधी तोच सावरला.

"या की आक्का! बसा. ए, खुर्ची आन रं."

"लगीन कवा हाय, अण्णा?"

"परवा. सांबऱ्याची मंडळी. पोरगा विमानतळावर कामाला हाय. घाईत ठरलं, तुमाला कळवायचं ऱ्हाऊन गेलं."

"घाईत न्हाय," यशोदाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "वैनी कापड घिऊन आलत्या तवा सुगी चालू हुती. तुमच्या पोरीसाठी नोहाचा पूर थांबतोय व्हय?"

बायका इकडं बघायला लागल्या. शामूअण्णानं तिला कोपराला धरून मांडवाच्या कडेला नेलं. रागावला नाही. आजाऱ्याच्या दारात बोलायचा तसा, मऊ आवाजात बोलला.

"आक्का, तयारी मनाची असती. जगात हाय तवर जगाचं करावं लागतं."

"मग माझ्या नीलमचं?"

"म्या कुठं नको म्हटलं?" त्यानं दोन्ही हात पसरले. "आठवा बरं. म्या शास्त्र सांगितलं. ठरवलं तुमी. नकार कळवला कुनी? तुमीच ना?"

खरंच होतं. त्यानं नको म्हटलं नव्हतं. ठरवायची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवून, एवढ्या बेतानं तो बोलला होता. मांडवाचा खांब धरून ती उभी राहिली. पाटावरची स्वराली तिच्याकडं बघून हसत होती. तिला काय माहीत? यशोदाबाईनं पिशवीतून झगा काढला, पाटाजवळच्या बाईच्या हातात दिला. "हळदीचा हात लावू नका," एवढंच म्हणाली आणि निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलीच नाही.

बसमध्ये ती मनाशी जुळवत आली. नीलमला कसं सांगायचं, गडहिंग्लजला कसा फोन लावायचा, हात जोडायचे, पाय धरायचे. घरी आली तर नीलम कपड्यांच्या घड्या करत होती. यशोदाबाईनं चपला न काढताच सगळं सांगितलं, रडत, त्या माणसाला शिव्या देत. आयुष्यात कधी न दिलेल्या शिव्या.

नीलमनं ऐकून घेतलं.

"सुहासचा साखरपुडा झाला आई. गेल्या म्हैन्यात. त्यांनीच फोन करून सांगितलं मला, वाईट वाटू नये म्हणून."

"पोरी, त्या मानसानं मला फसवलं गं!"

"व्हय," नीलम म्हणाली. हातातल्या टॉवेलची तिनं चौघडी घातली, पुन्हा उलगडली. "शामूअण्णानं तुला फसवलं. मला कुनी फसवलं, आई?"

यशोदाबाई चपला काढायला वाकली.

"तू वखारीत जाऊन विचारलंस. त्याला विचारलंस. मी ह्याच घरात हुते. चुलीपाशी. मला काय पायजे, हे एकदा तरी विचारलंस?"

बाहेरून मालुबाईची हाक आली, "यशोदा, शेळी सुटली गं!" पण दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

नाताळ आला तो नेहमीसारखाच खालीच आला. यशोदाबाईनं मंडळीला अनगोळची हकीकत सांगितली. काहींनी मानली. काही म्हणाले, आक्काला सोयरीक मोडल्याचं दुःख आहे, त्यातून बोलते. नाताळच्या सकाळी वखारीत काही माणसं पांढरे झगे घालून बसली होती. शामूअण्णाचा फोनवर निरोप आला की प्रभूनं कृपा करून वेळ वाढवून दिली आहे.

तो पुन्हा निपाणीला राहायला आला नाही. आता हुबळीकडं त्याची मोठी सभा भरते, पडद्यावर त्याचा चेहरा मोठा करून दाखवतात, आणि औंदा, औंदा असं तो अजून म्हणतो असं ऐकून आहेत. विद्युल्लता त्याच्या शेजारी बसते आणि बायकांना प्रार्थना शिकवते. स्वराली सांबऱ्यात सुखात आहे, नवरा चांगला निघाला. सुहासला मुलगी झाली. वखारीत पुन्हा तंबाखूची पोती लागली. झग्यांना माया नसल्यामुळं ते कुणाच्या अंगाला पुढं बसले नाहीत, बायकांनी त्यांचे उशांचे अभ्रे केले. मालुबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. तिच्या मयतीला जाताना यशोदाबाईनं आपली शेळी मालुबाईच्या सुनेच्या दावणीला बांधली, ती परत आणली नाही.

नीलमनं बेळगावच्या एका दवाखान्यात नोकरी धरली, खोली घेऊन राहते. लग्न केलं नाही. स्थळं येतात, ती स्वतः बघते आणि स्वतः काय ते सांगते. आईला कळवत नाही.

यशोदाबाई जुन्या चर्चमध्ये परतली. शेवटच्या बाकावर बसते. प्रार्थनेत सगळे "ये, प्रभू" म्हणतात तेव्हा ती ओठ हलवत नाही. जन्मभर जी मागणी केली ती तिला आता करवत नाही. ती मनातल्या मनात म्हणते, थांब जरा, एवढ्यात येऊ नको, माझी लेक अजून माझ्याशी नीट बोलली नाही.

रविवारी दुपारी नीलमचा फोन येतो. "जेवलीस?" ती विचारते. "जेवले. तू?" "जेवले." यशोदाबाई फोन कानाला धरून राहते, आणि आधी नीलमच फोन ठेवते.