चौथा व्रण

तिनं सर्जनबाईंचं बोट धरून आपल्या पोटावर आणलं, बेंबीच्या डाव्या अंगाला, टाक्यांच्या व्रणावर.

"दाबू नका. दाबलं की मुकं होतं ते. नुसतं वाचा."

चौदा महिन्यांपूर्वी याच बाईंनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं तिचं गर्भाशय काढलं होतं. कर्करोग पहिल्याच पायरीवर होता. मुळासकट गेला, असं सगळ्यांना वाटलं. मागे चार व्रण राहिले, नखाएवढे.

ती जन्मापासून आंधळी. पंचवीस वर्षं ब्रेलच्या छापखान्यात मुद्रितं तपासत आलेली. नणंद मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, हिची बोटं ठिपक्यांवरून चालायची, आणि एखादा ठिपका जास्तीचा उठला की जागीच थांबायची. तशीच ती रोज अंघोळीच्या वेळी चारही व्रणांवरून फिरायची. तीन जसेच्या तसे होते. चौथ्यात सोमवारी एक दाणा लागला.

सर्जनबाई दोनदा म्हणाल्या होत्या, की आत टाक्याची गाठ असेल, व्रण असा कडक होतोच. त्यावर कोपऱ्यातून नणंदेनं सांगितलं, की डॉक्टर, हिच्याशी वाद घालू नका. माझ्या कपाळावरची आठीसुद्धा हिला ऐकू येते.

सर्जनबाईंनी हातमोजा काढला. डोळे मिटले. बोट व्रणावरून हळूहळू फिरवलं. मग बोट थबकलं.

"खोल आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "पण आहे."

सुईनं काढलेल्या तुकड्यानंही तेच सांगितलं. आजार परतला होता, त्या एका व्रणात. बाकी कुठे त्याची खूण नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनबाई निळं पेन घेऊन खाटेशी आल्या. तपासणीच्या फिल्म त्यांनी पाहिल्या होत्या. तरी म्हणाल्या, गाठीची कड तुम्ही दाखवा. तिचं बोट निघालं, दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखं, आणि मागोमाग पेन.

वर्तुळ पुरं झालं.

"इथं संपतं?"

"इथं मला कळेनासं होतं," ती म्हणाली. "संपतं का, ते बोटाला नाही सांगता येत."

"म्हणजे कापायचं त्याच्याही पलीकडून," सर्जनबाई म्हणाल्या. मग चांगली दोन बोटं सोडून त्यांनी बाहेरून दुसरी रेष ओढायला घेतली. आता पेन पुढे होतं, आणि तिचं बोट मागे.