तीन म्हणेपर्यंत

गोदामात त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण पाळीची घंटा झाली की त्याचं तोंड जे सुरू व्हायचं ते सुटी होईपर्यंत थांबायचं नाही. गेले सात महिने मात्र हा रेडिओ बंद होता. सुरुवातीला लोकांनी भरपूर थट्टा केली. कुणी म्हणालं सेल बदला, कुणी घशाचा डॉक्टर सुचवला. मग त्यांनाही त्याच्या गप्प बसण्याची सवय झाली.

त्याचं तोंड कशामुळे बंद झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं. सात महिन्यांपूर्वी त्याचे जोडीदार, मास्तर, कपडे धुण्याच्या मशीनचं खोकं उचलताना जागच्या जागी कोसळले. मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. येता-जाता प्रत्येकाच्या चुका काढायची हौस, म्हणून ते नाव पडलेलं. त्यांच्या मणक्यातली गादी सरकली होती. ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरुणात गेले, मग कमरेला पट्टा, मग काठी, मग काठीशिवाय दारापर्यंत. रेडिओ दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा तिथूनच परत फिरला.

आज मास्तर कामावर परत येणार होते.

"डबा घ्या," बायको म्हणाली. "आणि चेहरा जरा बरा करा. माणूस बरा होऊन येतोय, तुम्ही सुतक असल्यासारखे काय बसलाय?"

रेडिओ बुटाची नाडी बांधत होता. ती बांधून झाली, तरी तो वाकलेलाच राहिला.

"माझ्यामुळे झालं ते," तो म्हणाला. "मास्तरांनी उचललं तेव्हा माझा जोर लागलाच नव्हता. क्षणभर उशीर झाला मला. सगळं वजन त्यांच्या एकट्याच्या कमरेवर गेलं."

बायकोच्या हातातला डबा हातातच राहिला. सात महिने नवरा रात्री कूस का बदलतोय याची तिने नाना कारणं शोधली होती. हे कारण तिच्या गावीही नव्हतं.

"मग हे मला सांगून काय उपयोग?" ती शेवटी म्हणाली. "माझी कंबर धडधाकट आहे. ज्यांची मोडली त्यांना सांगा."

"ते परत तोंड बघणार नाहीत माझं."

"आत्ता तरी कुठे बघतायत?"

या बाईशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं. रेडिओ डबा घेऊन निघाला.

गोदामाची एक पद्धत होती. जड मालाच्या विभागात एकट्याने काम करायचं नाही. सकाळी फळ्यापाशी जमायचं, आपापला जोडीदार सांगायचा आणि सुपरवायझर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहायचा. ज्याला जोडी नाही त्याला त्या दिवशी काम नाही. मास्तरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, जोडीने वीस किलोपर्यंत, त्याच्यावर अजिबात नाही. सुपरवायझर म्हणाला होता, आठवडाभर बघू, कुणी जोडीला उभं राहिलं तर ठीक, नाहीतर नाव कमी करावं लागेल. तोही बिचारा वरच्यांचं ऐकणारा.

रेडिओ पोहोचला तेव्हा फळा जवळपास भरला होता. मास्तर फळ्यासमोर उभे होते. चांगलेच वाळले होते, पण हट्टाने ताठ. भोवतीच्या लोकांनी त्यांची विचारपूस केली, पाठीवर हात ठेवावा की नको अशा घोळात खांद्यावर ठेवला, आणि हळूच आपापल्या जोडीदाराच्या आडोशाला गेले. यात कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकाला स्वतःच्या पाठीची काळजी होती. रेडिओ स्वतः त्या अपघातानंतर जोडीचं काम सोडून सरकत्या पट्ट्यावर पाकिटं लावत होता, तेव्हा त्याने कुणाला काय बोलावं!

डबा अजून हातातच होता. तसाच तो पुढे गेला.

"मास्तर, जोडीला मी उभा राहतो. पण त्याआधी एक सांगायचंय. ऐकून नको म्हणालात तरी चालेल."

मास्तरांनी वळून पाहिलं. वळताना त्यांना अख्खं अंग वळवावं लागलं, आणि ते पाहून रेडिओला रडूच यायला लागलं.

"त्या दिवशी माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी उशिरा उचललं. तुमची कंबर माझ्यामुळे गेली."

"काहीतरीच काय बोलतोस!" मास्तर म्हणाले. "मी घाई केली. तुझा हात लागायच्या आत मीच हिसका दिला. खोकं कलंडलं, तुझ्या अंगठ्याचं नख गेलं. म्हणून तर तू भेटायला आला नाहीस."

"नखाचं काय घेऊन बसलात? ते पंधरा दिवसांत यायला लागलं."

"मी अपघाताच्या रिपोर्टवरही तेच लिहून दिलंय. कामगाराची चुकीची पद्धत. खाली माझी सही आहे."

"चूक माझी आणि सही तुमची?"

"चूक माझीच आहे!"

"मास्तर, उगाच मोठेपणा घेऊ नका!"

आता हे भांडण होतं की काय, ते ऐकणाऱ्यांना कळेना. फिर्यादी कुणी नाही आणि आरोपी दोन, असा प्रकार. माणसं गोळा झाली. सुपरवायझर खडू हातात धरून मध्ये आला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "त्या दिवशी नेमकं केलंत काय?"

अकरा वर्षं ही जोडी एक शब्द न बोलता माल उचलत आली होती. मास्तरांचा खांदा किंचित खाली जायचा, रेडिओ बोलता बोलता श्वास घ्यायचा आणि खोकं वर यायचं. पण त्या सकाळीच भिंतीवर सुरक्षिततेची नवी सूचना लागली होती, जोडीने उचलताना मोठ्याने तीनपर्यंत मोजावे. नियम म्हटला की मास्तर पाळणारच. त्यांनी मोजलं, एक, दोन, तीन.

"आणि तीनवर उचललं," मास्तर म्हणाले.

"तीनवर?" रेडिओ म्हणाला. "तीन म्हणून झाल्यावर उचलतात ना?"

"अरे, तीनवरच उचलतात!"

"तीन म्हणून झालं की!" मागून एक हमाल ओरडला.

"छे, तीनला!" त्याचाच जोडीदार म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. तेही सात महिने एकत्र उचलत होते. रोज खोकं एका बाजूने आधी का उठतं, याचा दोष ते फरशीला देत होते.

सुपरवायझरने हात वर करायला लावले. निम्मे तीनवर निघाले, निम्मे तीननंतर. त्याने त्या सूचनेपाशी जाऊन ती वरून खालपर्यंत दोनदा वाचली. कधी उचलायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चिकटवली त्यानेच होती, त्यामुळे त्याचा चेहरा अगदी पडला.

"मग चौथा शब्द ठेवा ना!" पॅकिंगवरची मावशी म्हणाली. "एक, दोन, तीन, उचल. 'उचल' म्हटल्यावर तरी कुणी वाट बघणार नाही."

सुपरवायझरने मान हलवली. "मास्तर, तो रिपोर्ट मी आजच परत मागवतो," तो म्हणाला. "कारण बदलून लिहू. चूक तुमची नाही, याचीही नाही. वर काय सांगायचं ते मी बघतो." मग त्याने फळ्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिली, जरा मोठ्याच अक्षरांत.

पहिलं खोकं अठरा किलोचं होतं, पंख्यांचं. मास्तर गुडघ्यांत वाकले, खाली हात घातले आणि तसेच थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मणका सांधला होता, पण भीती कुठल्या डॉक्टरला काढता येते?

"आज राहू द्यायचं का?" रेडिओने हळूच विचारलं.

"नाही. पण घाई करू नकोस."

"करत नाही. दुपार झाली तरी चालेल."

भोवतीची कामं थांबली होती, आणि न बघितल्यासारखं करत सगळे बघत होते. बराच वेळ गेला. मग मास्तरांनी घसा खाकरला. "एक," ते म्हणाले. "दोन. तीन. उचल."

खोकं सरळ वर आलं. पाण्याने भरलेलं ताट न्यावं तसं दोघांनी ते चार पावलं नेलं आणि लाकडी पॅलेटवर ठेवलं. कुणीतरी टाळी वाजवली. आणि मास्तर मटकन खाली, पॅलेटच्या कडेवर बसले.

रेडिओ त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "मास्तर! दुखलं? कुठे दुखलं?"

मास्तरांनी चष्मा काढला. डोळे पुसायला त्यांना बाहीच सापडेना.

"नाही रे," ते म्हणाले. "दुखलं नाही. म्हणूनच बसलो."