साहेबांची सेवामुक्ती

सैन्यातून बाहेर पडायचे रस्ते मुख्यतः तीन. पहिला सन्मानाने. त्यात वरचे अधिकारी हात मिळवतात, छातीवर काहीतरी टोचतात आणि माणूस जन्मभर त्यावर भाव खातो. दुसरा प्रकृतीच्या कारणाने, म्हणजे तळपाय सपाट निघतात, नाहीतर माणूस झोपेत चालत जाऊन भलत्याच्याच खाटेवर आडवा होतो. तिसरा म्हणजे बडतर्फी. तिथे पेन्शन नाही, हात मिळवणं नाही, नुसता दरवाजा दाखवतात. मामा या तिसऱ्या रस्त्याने बाहेर आले होते. त्यांचे मेव्हणे, म्हणजे सध्या निवडणुकीला उभे असलेले साहेब, पहिल्या रस्त्याने.

मामा हे साहेबांच्या बायकोचे थोरले भाऊ. साहेबांची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून कार्यालयातली माणसं, पोस्टर चिकटवणारे आणि शेवटी खुद्द साहेबही मामाच म्हणू लागले. बडतर्फ माणसाला नोकरी कोण देणार, म्हणून मामा साहेबांची गाडी चालवायचे. रस्त्याच्या कडेला तळं, नदी, डबकं, अगदी नगरपालिकेचं बंद कारंजं आलं तरी साहेब मागच्या सीटवरून न चुकता म्हणायचे, "मामा, सांभाळून हां. पाणी आहे." गाडीत जो असेल तो हसायचा. मामांनी तरुणपणी कर्नलची जीप अधिकाऱ्यांच्या पोहण्याच्या तलावात घातली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घातली होती साहेबांनी. हे मात्र त्या दोघांनाच ठाऊक होतं.

दोघे एकाच तुकडीत होते. एका रविवारी दुपारी सगळी छावणी पेंगत असताना साहेबांना सिनेमाला जायची हुक्की आली. जीप किल्लीसकट उभी होती. मामा नको नको म्हणत शेजारी बसले. ब्रेक कुठला आणि अॅक्सिलरेटर कुठला याचा साहेबांना पत्ता नव्हता, आणि पुढे राजकारणातही तो त्यांना कधी लागला नाही. जीप तलावात गेली. साहेबांना पोहता येत नव्हतं. मामांनी त्यांना कॉलर धरून काठावर ओढलं, आणि चौकशीत "मी चालवत होतो" असं सांगून मोकळे झाले. कारण या गृहस्थाशी त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि बडतर्फ जावई वडिलांनी दारातही उभा केला नसता. बडतर्फ मुलगाही ते उभा करणार नाहीत, हे मामांच्या डोक्यात आलंच नाही. वडील मरेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. बहिणीने मागची खोली दिली, पोटभर वाढलं, पण वडिलांचा विषय निघाला की तिच्या तोंडून जायचंच, "दादा, तुझ्या त्या जीपपायी बाबांनी हाय खाल्ली." मामा ऐकून घ्यायचे. साहेब तेवढ्यात पाणी प्यायला उठायचे.

तर या निवडणुकीत साहेबांसमोर दणक्या नावाने ओळखला जाणारा एक इसम उभा राहिला. जवानांना पातळ सूप मिळतं म्हणून त्याने पुरवठा अधिकाऱ्याच्या डोक्यावर अख्खं पातेलं ओतलं होतं, आणि सैन्याने त्याला हाकललं होतं. आपले साहेब असते तर त्यांनी ही गोष्ट लपवली असती. दणक्या प्रत्येक सभेत तिथूनच सुरुवात करायचा. "हो, मला हाकललं. पुन्हा घ्या, पुन्हा ओततो." लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. इकडे साहेबांच्या पोस्टरवर 'सन्मानाने सेवामुक्त' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि खाली कोणीतरी पेन्सिलने जांभई देणारं तोंड काढलेलं. साहेबांची सगळी नोकरी ब्लँकेटांच्या कोठारात गेली होती. तिथे त्यांना शत्रू म्हणून भेटली ती फक्त कसर.

प्रचारासाठी नेमलेल्या सल्लागार बाईंनी डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या आवाजात विषय काढला. "तुमचं रेकॉर्ड फारच स्वच्छ आहे. काहीच केलं नाही का हो? कुणाच्या थोबाडीत? निदान उलट उत्तर?"

"वर्तन उत्तम असा शेरा आहे," साहेब म्हणाले, आणि हे सांगताना प्रथमच त्यांची मान खाली गेली. मग त्यांचं लक्ष दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभ्या असलेल्या मामांकडे गेलं. "मामा, ती जीप मी चालवत होतो, नाही का?"

इतक्या वर्षांत हे वाक्य मामांनी मनात हजारदा ऐकलं होतं, पण असं, पंख्याखाली, पोस्टरच्या गठ्ठ्यांमध्ये नव्हतं ऐकलं. ते नुसते "हो" म्हणाले.

"कुठे निघाला होतात?" बाईंनी विचारलं.

"सिनेमाला," मामा म्हणाले.

"सिनेमाला नाही," साहेब म्हणाले. "कर्नल जवानांना छळत होता. मी निषेध म्हणून त्याची जीप बुडवली."

"आणि बडतर्फी?"

"कागदोपत्री मामांची झाली. मनाने माझी."

बाईंना हे फार आवडलं. दुसऱ्याच दिवशीच्या सभेत सांगायचं ठरलं.

मामांनी साहेबांना व्हरांड्यात गाठलं. "दाजी, माइकवर काय हवं ते सांगा. माझी हरकत नाही. पण आधी तिला सांगा, घरी बसून. चारचौघांत कळलं तर तिला काय वाटेल?"

"उद्या सकाळी चहाला सांगतो. शब्द देतो," साहेब म्हणाले. साहेब किती शब्द देतात ते मामांनी गाडीतून रोज पाहिलं होतं.

सकाळी चहा झाला. बहीण पावाला लोणी लावत होती. साहेबांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, हवामानसुद्धा, आणि म्हणाले, "मामा, गाडी पुसली का?" मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भावाने बहिणीपाशी तिच्या नवऱ्याची चहाडी कशी करायची? आणि इतकी वर्षं का गप्प राहिलास, असं तिने विचारलं तर काय सांगायचं? ते गाडी पुसायला गेले.

सभा शाळेच्या मैदानावर होती. बहीण व्यासपीठावर पहिल्या खुर्चीत, मामा पायऱ्यांपाशी. साहेबांनी कर्नलचा छळ रंगवला, जीप रंगवली, तलावही बराच खोल केला. "ती जीप मी बुडवली," ते गरजले, आणि लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मामांनी गर्दीकडे पाहिलंच नाही. ते बहिणीकडे बघत होते. टाळीसाठी उचललेले तिचे हात तसेच राहिले. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी नजर बुटांवर नेली, आणि तिला उत्तर मिळालं.

"मग हाकललं कुणाला?" मागून कोणीतरी ओरडलं.

"माझ्या मेव्हण्यांनी माझ्यासाठी तो त्याग केला," साहेब म्हणाले, "आणि मी तो विसरलेलो नाही. आजही ते माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात." यावर तर पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

परतताना बहीण मागचं दार सोडून पुढे, मामांच्या शेजारी येऊन बसली. साहेब मागे ऐसपैस पसरले. सभा जमली होती, त्यामुळे बाकी कशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"निषेध होता की सिनेमा?" तिने हळूच विचारलं.

"सिनेमा."

"चांगला होता?"

"पोचलोच कुठे."

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "बाबांना तरी सांगायचंस, दादा."

"तुझं लग्न मोडलं असतं."

"मग मोडू द्यायचं होतंस," ती म्हणाली. हा मार्गही होता, हे मामांना आज पहिल्यांदा सुचलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

रस्ता तळ्याच्या काठाने वळला. साहेबांनी सवयीने मान उचलली. "मामा, सांभाळून हां. पाणी आहे."

कोणी हसलं नाही.

"दादा, गाडी थांबव," बहीण म्हणाली. मामांनी कडेला घेतली. ती मागे वळली. "उतरा."

"इथे? अगं, घर लांब आहे."

"उतरा म्हटलं ना."

साहेब उतरले. दिव्याच्या खांबावर त्यांचंच पोस्टर होतं. ते खिडकीशी वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "लोक बघतायत. कोणी विचारलं तर काय सांगू?"

तिने काच अर्धी वर घेतली. "सांगा, बायकोने सन्मानाने सेवामुक्त केलं. कागदोपत्री."

मामांनी गिअर टाकला, आणि पाण्याच्या कडेकडेने गाडी सावकाश, अगदी नीट चालवत नेली.